चरखा, चहा आणि छापील कागद

(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात वक्त्याने 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर बोलावे अशी रीत आहे. हा विषय आपण इतक्या वेळा ऐकला आहे की वक्त्याचे पुढचे वाक्य श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. म्हणून आज मी उपदेश बाजूला ठेवून एक हकिकत सांगणार आहे. ती आहे अडीचशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेची. तिच्यात राजेरजवाडे फारसे नाहीत. चूल आहे, चरखा आहे, चहा आहे आणि छापील कागद आहे.

शाळेच्या इतिहासात आपण दोन-चार ओळी वाचलेल्या असतात. इंग्लंडच्या अमेरिकेत तेरा वसाहती होत्या, इंग्लंडने कर बसवले, बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला, युद्ध झाले आणि १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. हे सारे खरे आहे. पण शेतकरी, चांभार, सुतार, मेणबत्त्या करणारे आणि त्यांच्या बायका अशी साधी माणसे त्या काळच्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याविरुद्ध उठली, हे बळ त्यांच्यात आले कोठून? त्यासाठी त्यांच्या घरात डोकावले पाहिजे.

त्या वेळी तेरा वसाहतींत मिळून सुमारे पंचवीस लाख माणसे होती. त्यांतले दहापैकी नऊ लोक शेतीवर व खेड्यापाड्यांत राहत. बोस्टन हे नावाजलेले शहर. पण त्याची वस्ती पंधरा-सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीच. उत्तरेकडच्या साध्या घरात मध्यभागी एक भली मोठी चूल असे. थंडीत सारे कुटुंब तिच्याभोवतीच जगे. मक्याच्या पिठाची भाकरी, मक्याचा घाटा, घेवड्याचे दाणे शिजवून केलेले कालवण आणि खारवलेले मांस हे रोजचे जेवण. मेणबत्त्या चरबीच्या, घरीच केलेल्या. साबण लाकडाच्या राखेचे पाणी आणि चरबी कढवून केलेला. मेंढीची लोकर आणि जवसाच्या झाडाचा तंतू चरख्यावर कातायचा, मग विणकराकडून कापड विणून घ्यायचे. सूत कातणे हे बहुधा मुलींचे काम. पहाटे चुलीतला विस्तव फुंकण्यापासून रात्री शेवटची मेणबत्ती विझवण्यापर्यंत बाईच्या हाताला विसावा नसे. मुलेही सहा-सात वर्षांची झाली की कामाला जुंपली जात.

अशा कष्टाच्या घरातही एक वस्तू असे, ती म्हणजे पुस्तक. बहुधा बायबल आणि एखादे पंचांग. उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ साली एक कायदा केला होता. ज्या गावात पन्नास घरे आहेत त्या गावाने मुलांना लिहिणे-वाचणे शिकवणारा शिक्षक नेमावा, आणि शंभर घरांच्या गावाने वरच्या शिक्षणाची शाळा काढावी. हेतू धार्मिक होता: माणसाला धर्मग्रंथ स्वतः वाचता यावा. सगळ्याच गावांनी तो कायदा पाळला असे नाही. काहींनी टाळाटाळ केली. तरी पायंडा पडला. कोठे एखादी विधवा आपल्याच स्वयंपाकघरात शेजारची मुले जमवून त्यांना अक्षरे शिकवी. लाकडाच्या लहानशा फळीवर मुळाक्षरांचा कागद चिकटवलेला, आणि तो फाटू नये म्हणून त्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवलेला. हीच मुलांची पहिली पाटी. कागद महाग होता, म्हणून तो असा जपत.

आता याच बोस्टन शहरातल्या एका घरातील दोन भावंडांची गोष्ट ऐका. बाप मेणबत्त्या आणि साबण करून विकणारा. त्याला दोन बायकांपासून मिळून सतरा मुले. त्यांतला सर्वांत धाकटा मुलगा बेंजामिन फ्रँकलिन, जन्म १७०६ चा. बापाने त्याला शाळेत घातले. पण खर्च झेपेना, म्हणून दोन वर्षांच्या आतच शाळा सुटली. दहाव्या वर्षी मुलगा बापाच्या हाताखाली वाती कापू लागला आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून राहिला. तेथे खिळे जुळवता जुळवता त्याने वाचनाचा सपाटा लावला. भाऊ आपले लेखन छापणार नाही हे ओळखून सोळाव्या वर्षी त्याने एका विधवेच्या नावाने पत्रे लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. भावाने ती मोठ्या आवडीने छापली. हाच मुलगा पुढे मुद्रक, शास्त्रज्ञ आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा मुत्सद्दी झाला.

या बेंजामिनची एक धाकटी बहीण होती, जेन. ती त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. त्या काळी मुलींना वाचायला शिकवत. पण लिहायला शिकवणे पुष्कळांना अनावश्यक वाटे. जेन लिहायला जेमतेम शिकली. ती वयात येताच भावाला वाटले, बहिणीला काही भेट पाठवावी. आधी त्याच्या मनात चहाचे टेबल होते. मग विचार बदलून त्याने चरखा पाठवला. चांगली गृहिणी होणे हेच तिचे भूषण, असा त्यामागचा विचार. पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले. बारा मुले झाली, आणि त्यांतली अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली. नवरा कर्जात बुडालेला. हाताने शिवलेल्या एका छोट्या वहीत तिने आपल्या मुलांच्या जन्ममृत्यूच्या तारखा टिपून ठेवल्या आहेत. भावाला ती जन्मभर पत्रे लिहीत राहिली आणि अशुद्ध लेखनाबद्दल संकोचाने क्षमा मागत राहिली. उतारवयात एका विद्वानाचे पुस्तक वाचून तिने भावाला कळवले की न्यूटनसारखी हजारो माणसे केवळ अनुकूल परिस्थिती न मिळाल्यामुळे अज्ञानात जगून मरून गेली असतील, हे त्या विद्वानाचे म्हणणे तिला मोलाचे वाटते. तिने स्वतःचे नाव घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती.

एकच घर, एकच चूल, एकच आईबाप. पालकहो, ही दोन भावंडे आपण लक्षात ठेवा. मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

आता बंडाकडे वळू. १७६३ साली फ्रान्सबरोबरचे मोठे युद्ध इंग्लंडने जिंकले, पण डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. तो उतरवण्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटने १७६५ साली अमेरिकेतील वसाहतींवर मुद्रांक कर बसवला. कर कशावर, तर कागदावर. वर्तमानपत्र, पंचांग, पत्रक, कोर्टाचा कागद, जमिनीचा दस्त, परवाना, सगळ्यांसाठी सरकारी छापाचा कागद विकत घ्यायचा. उमेदवार मुलाच्या करारावर कर. पदवीच्या प्रमाणपत्रावर दोन पौंड. पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग. आणि मजकूर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल तर कर दुप्पट! पेनसिल्व्हेनियात हजारो जर्मन शेतकरी होते, त्यांची जर्मन वर्तमानपत्रे होती. त्यांच्या मातृभाषेला हा दंडच झाला.

रक्कम फार मोठी नव्हती. पण ज्यांनी हा कर बसवला त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. आमची संमती न घेता आमच्या खिशात हात घालण्याचा हक्क यांना दिला कोणी, हा प्रश्न उभा राहिला. कर कागदावर बसल्यामुळे तो सर्वांत आधी झोंबला मुद्रकांना आणि वकिलांना, म्हणजे ज्यांच्या हाती लेखणी आणि छापखाना होता त्यांनाच. वर्तमानपत्रे पेटून उठली. आणि त्या काळी एक अंक एकच माणूस वाचत नसे. सराईत वाटसरू जमत, कोणी एक जण मोठ्याने वाची आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही ऐकत. वाचणाऱ्यांची संख्या पुरेशी होती, म्हणूनच न वाचणाऱ्यांपर्यंतही बातमी पोहोचली.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. लोकांचा राग नेहमी शहाणपणाने चालला नाही. ऑगस्ट १७६५ मध्ये बोस्टनच्या जमावाने उपराज्यपाल हचिन्सन याच्या घराची नासधूस केली. सामान लुटले, भिंती फोडल्या आणि त्याने वर्षानुवर्षे खपून लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचे हस्तलिखित चिखलात फेकले. कागदावरच्या कराविरुद्ध उठलेल्या जमावाने कागदच तुडवावा, हा केवढा विपर्यास! एका शेजाऱ्याने ती पाने चिखलातून गोळा केली म्हणून तो इतिहास वाचला. विचारी नेत्यांनाही या प्रकाराची लाज वाटली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कर रद्द झाला.

पण १७६७ साली नवे कर आले: काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर. या वेळी लोकांनी दुसरा मार्ग धरला. विलायती माल विकत घ्यायचा नाही! आणि येथे लढाईची सूत्रे दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आली. दुकानातून कापड आणायचे की नाही, टेबलावर चहा ठेवायचा की नाही, हे ठरवणार कोण? घरातली बाई. गावोगाव बायका-मुली चरखे घेऊन धर्मगुरूंच्या घरी जमू लागल्या आणि दिवसभर सूत कातू लागल्या. ज्या कामाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याची वर्णने वर्तमानपत्रांत छापून येऊ लागली. चरखा आणि स्वदेशी यांचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको; मुद्दा एवढाच की हे घडले ते आपल्या स्वदेशीच्या चळवळीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासारख्यांनीही यात भाग घेतला. १७६८ साली हार्वर्ड कॉलेजचे विद्यार्थी पदवीदान समारंभाला आले ते विलायती उंची कापड टाकून, देशात कातलेल्या-विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचे कपडे घालून. विचार करा, आयुष्यात एकदा येणारा दिवस, सारे नातेवाईक पाहत आहेत, आणि अंगावर खरबरीत कापड! पण त्या कापडाला त्या दिवशी जी शोभा आली ती रेशमाला आली नसती.

यात रक्तही सांडले. ५ मार्च १७७० च्या रात्री बोस्टनच्या रस्त्यात शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच माणसे मेली. त्यांतला एक होता क्रिस्पस अॅटक्स, आफ्रिकी आणि तेथील मूळ रहिवासी अशा दोन्ही वंशांचे रक्त असलेला खलाशी. शहर सूडाने पेटले होते. तरीही त्या शिपायांचे वकीलपत्र घेतले जॉन अॅडम्स या स्वातंत्र्यवादी वकिलाने. आरोपीला न्याय मिळालाच पाहिजे, मग तो शत्रू का असेना, अशी त्याची भूमिका. आठ शिपायांपैकी सहा निर्दोष सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला. हाच अॅडम्स पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला.

आता चहा. बाकीचे कर १७७० मध्ये उठले, चहावरचा तेवढा राहिला. आणि या चहाचा आपल्याशीही संबंध आहे. चहा पिकत होता चीनमध्ये, पण तो विकणारी होती ईस्ट इंडिया कंपनी, आपली जुनी ओळखीची. १७७० च्या सुमारास बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि तशातही कंपनीने महसुलाची वसुली सोडली नाही. तरी कंपनीचा कारभार डबघाईला आला. लंडनच्या वखारींत चहाचे ढीग पडून होते. कंपनीला वाचवण्यासाठी पार्लमेंटने १७७३ साली तिला थेट अमेरिकेत चहा विकण्याची सवलत दिली. हा चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता! पण तो घेतला म्हणजे कर मान्य केला असे झाले असते. शिवाय चोरटा चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचे पोटही त्यात दुखत होते, हेही खरे. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सन या लेखकाने आपल्या लोकांना बजावले की ज्या कंपनीने बंगालमध्ये माणसे उपाशी मारून पैसा केला, तिचे डोळे आता आपल्याकडे वळले आहेत. हजारो मैलांवरच्या बंगालची बातमी अमेरिकेच्या वाचकापर्यंत पोहोचली होती, ती छापील कागदावरूनच.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या तीन जहाजांवर चांभार, सुतार, उमेदवार पोरे चढली. तोंडाला काजळी फासलेली, वेष आदिवासींचा. तीन तासांत चहाच्या ३४२ पेट्या फोडून त्यांनी समुद्रात रिकाम्या केल्या. दुसरी कशाला इजा केली नाही. एक कुलूप तुटले, तर ते नंतर भरून दिले. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरून नेण्याचा प्रयत्न केला, तर सोबत्यांनीच त्याला पकडले. आठ वर्षांपूर्वी हचिन्सनचे घर लुटणारे हेच शहर. या आठ वर्षांत ते संयम शिकले होते.

त्या तीन जहाजांपैकी एकाचे नाव 'डार्टमथ'. त्याच जहाजातून त्याच फेरीत बोस्टनला एका पुस्तकाच्या प्रतीही आल्या होत्या. लंडनला छापलेला कवितासंग्रह, आणि कवयित्री होती फिलिस व्हीटली. पश्चिम आफ्रिकेतून पळवून आणलेली, सात-आठ वर्षांची असताना १७६१ साली बोस्टनला गुलाम म्हणून विकलेली मुलगी. मालकाच्या घरात तिला वाचायला-लिहायला शिकवले गेले, आणि थोड्याच वर्षांत ती इंग्रजीत कविता लिहू लागली. या कविता गुलाम मुलीनेच लिहिल्या आहेत यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठित माणसांच्या सह्यांची ग्वाही पुस्तकात छापावी लागली.

येथे या हकिकतीची काळी बाजू सुरू होते. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून गर्जना करणाऱ्या त्या पंचवीस लाखांत सुमारे पाच लाख माणसे गुलाम होती. जाहीरनाम्यात सर्व माणसे समान असे लिहिणारा थॉमस जेफर्सन स्वतः गुलामांचा मालक होता. आणि गुलामांना ताब्यात ठेवायचे तर काय करायचे, हे मालकांनी नेमके ओळखले होते. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली गुलामांचे बंड झाले. लगेच पुढच्या वर्षी कायदा झाला: जो कोणी गुलामाला लिहायला शिकवील त्याला शंभर पौंड दंड! शिक्षणाचे महत्त्व यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणत्याही वक्त्याने सांगितलेले नाही.

या गुलामांत कितीतरी मुसलमान होते. त्यांतल्या एकाची हकिकत नोंदलेली आहे. आफ्रिकेतील बुंदू प्रदेशाच्या एका धर्मपंडिताचा मुलगा, अयुबा सुलेमान डियालो. बापाने त्याला किनाऱ्याकडे पाठवले होते ते दोन गुलाम विकायला आणि कागद विकत आणायला. हेही लपवू नये. परतीच्या वाटेवर तो स्वतःच पकडला गेला आणि गुलाम म्हणून विकला गेला. मेरिलँड वसाहतीत तो तंबाखूच्या शेतावर राबला, नंतर गुरे राखू लागला. नमाजासाठी तो रानात जाई, तर एक गोरा पोरगा त्याच्या तोंडावर माती फेकी. अखेर तो पळाला, पकडला गेला, तुरुंगात पडला. तेथे त्याची भाषा कोणाला कळेना. पण त्याने अरबीत दोन ओळी लिहून दाखवल्या आणि पाहणारे थक्क झाले. पुढे त्याने बापाला अरबीत पत्र लिहिले. ते बापापर्यंत गेलेच नाही. फिरत फिरत लंडनला ओगलथॉर्प नावाच्या सद्गृहस्थाच्या हाती पडले. त्याने ते ऑक्सफर्डहून भाषांतरित करून घेतले आणि या माणसाच्या सुटकेची खटपट केली. अयुबा १७३३ मध्ये लंडनला पोहोचला. तेथे त्याने संपूर्ण कुराण मुखोद्गत असल्याने तीन वेळा स्मरणातून लिहून काढले, आणि १७३४ मध्ये तो मायदेशी परतला. लहानपणी शिकलेल्या अक्षरांनी त्याच्या बेड्या तोडल्या. पण त्याच शेतावर राबणाऱ्या इतरांना असे पत्र कोणी लिहून दिले असेल?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. चहाच्या प्रकरणाची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बोस्टनचे बंदर बंद केले गेले. तेव्हा इतर वसाहतींनी तेथे धान्य, तांदूळ आणि मेंढरे पाठवली. एप्रिल १७७५ मध्ये लढाईला तोंड लागले. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन याने साध्या, कोणालाही कळेल अशा भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले, ते घरोघर वाचले गेले आणि राजाशी संबंध तोडायला लोकांची मने तयार झाली. जुलैमध्ये जाहीरनामा निघाला. १७८१ साली यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज शरण आली. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर-जनरल म्हणून आला आणि पुढे टिपू सुलतानाशी लढला. तेथे गमावलेले राज्य त्या साम्राज्याने येथे भरून काढले.

पण मला ही हकिकत संपवायची आहे ती एका बाईवर. मॅसॅच्युसेट्सने १७८० मध्ये राज्यघटना केली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे तिच्यात लिहिले होते. एका श्रीमंत घरात राबणाऱ्या गुलाम बाईच्या कानावर हे शब्द पडले. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. पण 'सर्व माणसे' म्हणजे आपणही, एवढे तिला कळले. ती वकिलाकडे गेली. १७८१ मध्ये खटला चालला आणि ती जिंकली. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. फ्रीमन म्हणजे स्वतंत्र. दोन वर्षांत त्या राज्यात गुलामगिरीचा पायाच उखडला. साऱ्या देशातून ती जायला मात्र १८६५ साल उजाडावे लागले, आणि बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला १९२०.

पालक बंधू-भगिनींनो, आता मी फ्रँकलिनच्या घराकडे परत येतो. त्या बापाने मुलाला शाळेतून काढले ते दुष्टपणाने नव्हे, गरिबीमुळे. भावाने बहिणीला चरखा पाठवला तोही प्रेमानेच. आपल्या घरांतही मुलीची शाळा सातवी-आठवीनंतर थांबते तेव्हा बहुधा द्वेष नसतो. खर्च असतो, अंतर असते, लोक काय म्हणतील याची भीती असते आणि खूपसे प्रेमही असते. पण त्या घरातल्या दोन भावंडांपैकी एकाचे चरित्र जगाने वाचले, आणि दुसरीची एक छोटी वही उरली, जिच्यात बहुतेक मुलांच्या मृत्यूच्या तारखा आहेत. अडचण खरी असली तरी तिची किंमत कोण चुकवते, हे एकदा विचारावे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या दप्तरातला कागद स्वस्त आहे. त्याच्यावर मुद्रांक लागत नाही, त्यावर लिहायला शिकवले म्हणून तुमच्या शिक्षकांना कोणी शंभर पौंड दंड करत नाही. घरात आजी वाचू शकत नसेल, तर संध्याकाळी वर्तमानपत्रातली एक बातमी तिला मोठ्याने वाचून दाखवा. एलिझाबेथ फ्रीमनला जे शब्द कानी पडून मिळाले, ते कोणीतरी मोठ्याने उच्चारलेलेच होते.